मांडव्याला जायचंय? आधी तार तपासा!

गेटवेला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? गावाहून पाहुणे आले म्हणून नव्हे, स्वतःहून? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. कॉलेजात असताना! पण ऑक्टोबरातल्या एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन बघा. ताजकडे पाठ करायची, फोटोवाल्यांना ‘नको’ म्हणायचं आणि एलिफंटाच्या लाँचेसच्या पलीकडे नजर टाकायची. पाण्यात पांढऱ्या बारीक काठ्यांची रांग दिसेल. चार महिने या काठ्या तिथे नव्हत्या. जूनमध्ये पाऊस लागला की कुलाब्याच्या शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढतात, डोलकाठ्या उतरवून आडव्या ठेवतात. नारळी पौर्णिमा, गणपती, दसरा असं करत करत हवा निवळते आणि डोलकाठ्या एकेक करून पुन्हा उगवतात. मुंबईत ऋतू बदलल्याची ही खूण आपल्या कॅलेंडरात नाही, एवढंच.

आता एक प्रश्न. त्या काठ्या उभ्या कशा राहतात?

चोवीस फुटी होडीची डोलकाठी साधारण नऊ मीटर उंच असते, म्हणजे तीन मजले. आतून पोकळ, पातळ पत्र्याची ॲल्युमिनियमची नळी. त्यावर भलंमोठं शीड आणि त्या शिडात भरलेला वारा. आणि हा सगळा डोलारा कशावर? तुमच्या डेस्कवरच्या पेन्सिलीपेक्षा बारीक अशा सहा तारांवर. बास!

या तारांना म्हणतात स्टँडिंग रिगिंग. शीड चढवायचे, उतरवायचे, ओढायचे दोर सतत हलतात, ते रनिंग रिगिंग. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर रनिंग रिगिंग म्हणजे सेल्सची टीम. सारखी धावपळ, सारखा आवाज, सगळ्यांचं लक्ष तिकडे. स्टँडिंग रिगिंग म्हणजे अकाउंट्स. कुणी ढुंकून बघत नाही, पण ते बसलं की कंपनी बसली.

हे सगळं मला कळलं ते एका मित्रामुळे. हा ऐरोलीला आयटीत आहे. त्यानं, एका सीएनं आणि एका डेंटिस्ट मैत्रिणीनं मिळून एक जुनी चोवीस फुटी होडी घेतलीय. ज्या पैशात शहाणी माणसं गाडी बदलतात, त्या पैशात. होडी वयानं तिघांच्या बरोबरीची. पण प्रत्येक ऑक्टोबरात ती पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी तिघांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो अप्रेझलच्या दिवशी मी कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

तसं पाहिलं तर शिडाच्या होड्यांशी मुंबईचं नातं जुनंच आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ सालची. पण त्याहून भारी गोष्ट ‘सुहेली’ची. ही ३२ फुटी सागवानी होडी कुलाब्यात बांधली गेली, १९६४ साली पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, मर्चंट नेव्हीतला तरुण अधिकारी. याच होडीतून तो १४ जून १९६८ला इंग्लंडमधल्या फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ला तिथेच परतला. एकटा, कुठेही न थांबता, पृथ्वीला पूर्ण फेरी मारून. जगात हे आधी कुणी केलं नव्हतं. म्हणजे जगाला पहिल्यांदा एका दमात वळसा घालणारी एकट्याची होडी आपल्या कुलाब्याची! ताजसमोर उभं राहून सेल्फी काढणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

तर तो शनिवार. कुलाब्यातलं होड्यांचं आवार, डांबराचा आणि सुक्या मासळीचा मिश्र वास (ससून डॉक हाकेच्या अंतरावर), कावळे, कडक ऊन. होडी लाकडी आधारांवर उभी आणि डोलकाठी बाजूला दोन घोड्यांवर आडवी. तारा तपासायची हीच खरी वेळ. एकदा काठी उभी राहिली की वरची टोकं बघायला माणसाला झोळीत बसवून दोरानं वर खेचावं लागतं, आणि तेही दुसरा दोर सेफ्टीला लावून. आडव्या काठीवर सगळं हाताशी. रविवारचा प्लॅन ठरलेला होता. डेंटिस्टच्या मुलीचा सातवा वाढदिवस, केक मांडव्याला कापायचा. होडीतून जायचं, होडीतून यायचं. मुलीनं वर्गात सगळ्यांना सांगूनसुद्धा टाकलं होतं.

तपासणीचं काम तांडेलमामांचं. मामा मूळचे दाभोळकडचे, चाळीस वर्षं याच होड्यांवर. हातात कसलंही भारी यंत्र नाही. कापसाचा एक बोळा! तो तारेभोवती धरायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश ओढत न्यायचा. उघड्या बोटांनी करायचं नाही, कारण तार तुटलेली असेल तर तिचं टोक सुईसारखं बाहेर आलेलं असतं आणि ते बोटात घुसतं. कापूस मात्र तिथे अडकतो आणि पांढरा बोंडसा मागे ठेवून जातो.

तारेची रचनासुद्धा बघण्यासारखी. मध्ये एक काडी, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एकूण एकोणीस. म्हणून दुकानात मागायची ती ‘वन बाय नाइन्टीन’. ही तार वाकायला कडक, पण ताणायला कमी, म्हणजे काठी धरून ठेवायला एकदम योग्य. चार मिलिमीटरची असली तरी तुटायला सुमारे दीड टन वजन लागतं. दीड टन! तुमची हॅचबॅक अख्खी टांगली तरी धरेल. मग भीती कसली?

भीती गंजाची. ‘स्टेनलेस म्हणजे गंज लागत नाही’ हा आपला लाडका गैरसमज. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिपातळ पापुद्रा असतो. ओरखडा पडला की हवेतला ऑक्सिजन घेऊन तो आपोआप भरून येतो. उघड्यावर असेल तोवर हे पोलाद खुशाल जगतं. मरतं ते बंद जागेत. तारेच्या टोकाला धातूची नळी मशीननं दाबून बसवलेली असते. पावसाचं आणि समुद्राचं पाणी तारेवरून ओघळत खाली येतं आणि खालच्या नळीच्या तोंडात जाऊन बसतं. आत खारं पाणी आहे, ऑक्सिजन नाही. पापुद्रा भरून येत नाही, मीठ आतल्या आत पोखरत राहतं. वरून चकचकीत, आतून भुसा! म्हणूनच नेहमी आधी खालची टोकं बघायची. आणि थंड देशांत जी तार पंधरा वर्षं चालते, ती मुंबईच्या दमट उकाड्यात तेवढी टिकेल असं धरून चालायचं नाही. तिकडचे विमावालेसुद्धा दहा वर्षांनंतर ‘तारा बदलल्या का?’ विचारायला लागतात.

पहिल्या तीन तारा पास झाल्या. चौथी, डाव्या बाजूची खालची. मामांचा हात टोकापाशी आला आणि थांबला. नळीच्या तोंडाशी कापसाचा एवढासा पुंजका अडकला होता. भिंग लावून पाहिलं तर एक काडी तुटलेली, आणि तिच्या मुळाशी चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ.

मग सुरू झाली मीटिंग.

सीएचं म्हणणं साधं होतं. एकोणीसपैकी एक गेली, अठरा आहेत की! पाच टक्के लॉस. उद्याचा दिवस निभावू, मग बदलू. मुलीला काय सांगायचं? मित्र गप्प. डेंटिस्ट गप्प, कारण मुलगी तिची आणि होडीत बसणारही तीच. शेवटी तिनं मामांना विचारलं.

मामांनी बिडी खाली ठेवली. ‘ताई, जाताना काय होणार नाय. सकाळचा मतलई पाठीशी. येताना दुपारचा खारा वारा समोरनं येतो. तवा तार बोलते.’

बोलते म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. कुलाब्याहून मांडवा दक्षिण-आग्नेयेला. सकाळी वारा जमिनीवरून, ईशान्येकडून येतो. होडी त्याच्याबरोबर पळते, तारांवर ताण कमी. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो बरोब्बर परतीच्या वाटेवर तोंडावर. मग होडी तिरकी, एका अंगावर कललेली, लाटेवर आपटत आपटत वर चढते. वाऱ्याकडच्या तारा सतारीच्या तारेसारख्या ताणल्या जातात आणि पलीकडच्या सैल होऊन हिसके खातात. हा हिसकाच वाईट. तार लवचीक, नळी ताठ, वाकणं सगळं त्यांच्या सांध्यावर. तीच काडी हजारो वेळा एकाच जागी वाकली की दमते आणि तुटते. सेफ्टी पिन मागेपुढे वाकवून तोडतो ना आपण, तसं. आणि उरलेल्या अठरा? त्याही त्याच वयाच्या, त्याच पाण्यात भिजलेल्या, त्याच जागी वाकलेल्या. पाच टक्क्यांचा हिशोब इथे चालत नाही. एक काडी तुटली की तार बाद, हा जगभरातला नियम आहे. सीएलाही तो पटला, पण चेहरा पाडूनच.

मामांनी खाली आणखी एक गोष्ट दाखवली. तार आणि होडी यांच्यामध्ये दोन्ही दिशांना वळणारा एक छोटा सांधा लागतो, टॉगल. त्यामुळे तार कुठेही हलली तरी वाकत नाही. या तारेला तो नव्हताच. आधी कुठल्याशा यार्डात काम करून घेतलं होतं, तिथे तो परत बसवायचा राहिला असावा. पंधरा ग्रॅमची बचत आणि अख्खी डोलकाठी पणाला!

रविवारचा केक आवारातच कापला गेला, आडव्या डोलकाठीशेजारी. वाढदिवसाची मुलगी तासभर रुसली. मग तिला भिंग देऊन कामाला लावलं. तिनं एक पिन शोधून काढली, जिची टोकं न वळवता तशीच ठेवलेली होती. ही टोकं थोडीशी फाकवायची असतात, साधारण वीस अंश, आणि वर टेप गुंडाळायची. पार मागे दुमडली तर गरजेला निघत नाहीत, सरळ ठेवली तर कंपनानं आपोआप निघतात. आणि ती पिन गेली की तारेचं दीड टन बळ कुठल्या कामाचं?

तारेसाठी त्या शनिवारीच दुपारी आम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो. गेला नसाल तर एकदा जाच. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, हार्डवेअरच्या दुकानांची गल्ली. बेअरिंग, पुली, साखळ्या, वायररोपची भेंडोळी आणि मधून वाट काढणारे हातगाडीवाले. ‘एक्सक्यूज मी’चा इथे काही उपयोग नाही. तीन दुकानांत तोच प्रश्न, ‘लिफ्टला की क्रेनला?’ ‘होडीला’ म्हटलं की दुकानदार हसून चहा मागवायचा. लिफ्ट-क्रेनची तार वेगळी, मऊ, पुलीवरून फिरणारी. ती डोलकाठीला चालत नाही, ताणून ताणून लांब होते. चौथ्या दुकानात हवी ती मिळाली.

इथे एक टिप, फ्लॅटवाल्यांच्याही कामाची. समुद्राजवळ ‘३१६’ ग्रेडचं स्टेनलेस घ्यायचं, साधं ‘३०४’ नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच मिठाशी लढतं. बाल्कनीला ‘इनव्हिजिबल ग्रिल’ लावणारे हाच नंबर सांगून भाव वाढवतात. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, अस्सल’ म्हणेल. फसू नका, चुंबक ३०४ आणि ३१६ मधला फरक सांगत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

तारा घेतल्या सहाच्या सहा. आधी ठरलं होतं एक, मग जोडी, कारण एका बाजूची बदलली की दुसऱ्या बाजूचीही बदलायची. पण बाकीच्या कधी बसवल्या होत्या याचा कागद कुणाकडेच नव्हता. शेवटी डेंटिस्टनंच सांगितलं, ‘दात काय, एक किडला म्हणून शेजारचा बघायचा नाही का?’ संपला विषय. खर्चाचा आकडा ऐकून सीएनं पाण्याची बाटली अख्खी संपवली.

टोकं मात्र मशीनची नाही घेतली. स्क्रूवाली टोकं मिळतात, साध्या पान्यानं हातानं बसवायची. तारेच्या बाहेरच्या बारा काड्या उलगडायच्या, मधल्या सातांवर एक छोटा शंकू सरकवायचा, काड्या पुन्हा त्यावर मिटायच्या आणि वरून टोपी आवळायची. जितका ताण, तितकी पकड घट्ट. आत सीलंट भरलं की पाण्याला जागाच उरत नाही. महाग आहेत, पण पुढच्या वेळी शंकू तेवढा बदलून टोक पुन्हा वापरता येतं. शंका आली तर उघडूनही बघता येतं. मशीनच्या नळीत डोकावायची सोय नाही. मला विचाराल तर याच एका कारणासाठी ही टोकं घ्यावीत.

दोन आठवड्यांनी डोलकाठी उभी राहिली. आता तारा ताणायच्या, टर्नबकलनं. त्याच्या आट्यांना आधी ग्रीस किंवा लॅनोलिन लावणं मस्ट. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं की आटे एकमेकांना असे चिकटतात की कापल्याशिवाय सुटत नाहीत. काठी मधोमध आहे का हे बघायला स्टीलची टेप शिडाच्या दोरानं वर चढवायची आणि दोन्ही कडांपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे. मग ताण किती? गिटारवाल्यासारखं टणत्कार ऐकून ठरवणारे बरेच आहेत, पण याहून सोपी युक्ती आहे. दोन मीटरची घडीची पट्टी घ्या. तिचं वरचं टोक सैल तारेला टेपनं चिकटवा, खालच्या टोकाशी तारेवर खूण करा आणि तार आवळायला लागा. पट्टीच्या टोकापासून खूण एक मिलिमीटर सरकली की तारेवर तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाच टक्के ताण आला. तीन मिलिमीटर म्हणजे पंधरा टक्के. चोवीस फुटी होडीच्या उंच तारांना तेवढा बस. किती सुंदर आहे हे! ना सेन्सर, ना ॲप.

आणि रविवारी निघालो. सात माणसांची वर्णी लागली नाही, पाचच, आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट, बर्थडे गर्लसकट. नकाशावर सरळ रेघ मारली तर मांडवा जेमतेम चौदा किलोमीटर. लाँचनं तासाभराचं काम, पण लाँचमध्ये तुम्ही पॅसेंजर असता. इथे इंजिन बंद झालं आणि एकदम शांतता पसरली. फक्त होडीच्या पोटाशी पाण्याचा खळखळाट. मागे ताज आणि गेटवे हळूहळू काडेपेटीएवढे झाले. उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्स दीपस्तंभ, १८७५चा. डावीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन्स जिराफांसारख्या रांगेत, त्यापलीकडे उरणचा डोंगर. मोठ्या जहाजांच्या वाटेत रेंगाळायचं नाही, वाट रिकामी बघून झटकन ओलांडायची. हवा स्वच्छ होती म्हणून दूर दक्षिणेला खांदेरीचा ठिपका दिसला. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तो किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरीही आहे. पाण्यावरून बघितल्यावर कळतं, महाराजांनी नेमकी तीच जागा का निवडली ते. मुंबईत येणारं-जाणारं सगळं तिथून दिसतं!

मांडव्याला केक (दुसरा!), भेळ, तास-दीड तास टाइमपास. परतीला दीड वाजता वारा फिरला, अगदी मामा म्हणाले तसा. होडी कलली, फेसाचं पाणी कडेवरून वाहायला लागलं आणि मित्रानं सगळ्यांना सोडून खालच्या बाजूच्या तारेला हात लावला. मध्यम वाऱ्यात ती तार किंचित सैल, पण लोंबकळती नको. लोंबकळली तर हिसके, हिसके म्हणजे पुन्हा तीच कहाणी. मग काठीच्या मुळाशी एक डोळा मिटून बसायचं आणि वर टोकापर्यंत बघायचं. काठी सरळ हवी. मधेच बाक आला असेल तर थांबून टर्नबकल अर्धा वळसा. मित्रानं दोन वेळा हेच केलं. सीए सुकाणूवर होता, हसत होता.

‘आणि आत्ता तुटली असती तर?’ छोटीनं विचारलंच. मामांकडे उत्तर तयार होतं. वाऱ्याकडच्या बाजूची तार गेली तर क्षणाचाही विचार न करता होडी दुसऱ्या अंगावर वळवायची, म्हणजे ताण शाबूत बाजूवर जातो. पुढची गेली तर होडी वाऱ्याबरोबर पळवायची, मागची गेली तर वाऱ्याच्या तोंडावर आणायची. मग शिडाचा मोकळा दोर आवळून तिच्या जागी बांधायचा आणि हळूहळू घर गाठायचं. होडीत डायनिमाच्या दोराचा एक तुकडा आणि मोठा वायर कटर ठेवायचा. कटर का? काठी पडलीच तर ती तारांना लटकत पाण्यात आपटत राहते आणि होडीला भोक पाडू शकते. तेव्हा तारा कापून ती सोडून द्यावी लागते.

हे काही सिनेमातलं नाही. नौदलाचे अभिलाष टॉमी २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून जात होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. तिथे दोष देखभालीचा नव्हता, वादळच तसं होतं. आणि हा माणूस पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, २०२३ साली दुसरा आला!

संध्याकाळी होडी परत जागेवर आली तेव्हा सगळे दमून भागून घरी जायच्या मूडमध्ये. पण मामांनी गोड्या पाण्याचे दोन कॅन काढले. सहाही तारांची खालची टोकं आणि टर्नबकल धुऊन झाल्याशिवाय कुणाला उतरू दिलं नाही. पाच मिनिटांचं काम. छोटीनं तिच्या वाटची तार दोनदा धुतली.

आता मे महिन्यात होडी बाहेर काढली की चेनप्लेटचा नंबर. म्हणजे तारा ज्या लोखंडी पट्ट्यांना अडकवतात त्या. त्या डेकमधून आत जातात आणि नेमक्या त्या फटीत, जिथे कुणाची नजर पोचत नाही तिथे कुजतात. त्यासाठी केबिनमधलं लाकडी पॅनल काढावं लागणार. सीएनं आत्तापासूनच एक्सेल शीट उघडलीय.